जप्तीतली पत्रं

आमदार होण्याआधी बाईंनी अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवलं होतं. त्या दातांच्या डॉक्टर. निवडून आल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला, पण जागा सोडली नाही. तिथेच मतदारसंघाचं कार्यालय थाटलं. दात काढायची खुर्ची दारातून बाहेर निघेना. ती आत कशी आली होती हे कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून ती भिंतीशी तशीच राहिली. गर्दी असली की तक्रार घेऊन आलेला एखादा माणूस नाइलाजाने तिच्यात बसायचा, आणि बसल्याबसल्या आपोआप आ करायचा.

"दवाखान्यात लोक तोंड उघडायचे पण बोलता यायचं नाही," बाई म्हणायच्या. "आता बोलायलाच येतात, तर तोंड उघडत नाहीत."

खरंच होतं ते. समोर बसून जे सांगता यायचं नाही ते लोक कागदावर लिहून द्यायचे. ती पत्रं सांभाळायचं काम वन्संचं. वन्सं म्हणजे बाईंची थोरली नणंद. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, तोंडाने फटकळ. भावजयीच्या कार्यालयात त्या पहिल्यांदा आल्या त्या नुसत्या बघायला म्हणून; त्यानंतर कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला गेली ती गेलीच. कुणाचंही पत्र बाईंच्या हाताशिवाय दुसऱ्या हाताला लागू द्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. खुद्द भावाने एकदा कपाटातून स्टेपलर घेतला तर त्याचा त्यांनी जाहीर पंचनामा केला होता.

त्या वर्षी नदीवरच्या पुलाचं प्रकरण झालं. पुलाच्या खांबांना तडे गेले होते, तसा अहवालही तयार होता, आणि बांधकाम खात्याने तो दाबून ठेवला होता. कुणीतरी त्याची प्रत बाईंना पाठवली. बाईंनी सभागृहात उभं राहून तो अहवाल वाचून दाखवला. समोरच्या बाकांवरून "बाई, आज कुणाचे दात घशात घालताय?" असे टोमणे आले, मग हळूहळू टोमणे थांबले. संध्याकाळच्या आत पूल वाहतुकीला बंद झाला. मंत्र्यांची नाचक्की झाली ती झालीच. लगोलग खात्याने पोलिसांत तक्रार गुदरली, की गोपनीय अहवालाची चोरी झालेली आहे आणि चोराचा शोध घ्यावा.

तो माणूस कोण हे बाईंना ठाऊक होतं. अहवालासोबत त्याने चार ओळी लिहिल्या होत्या, खाली सही होती. ते पत्र कपाटात होतं.

एके सकाळी कार्यालय उघडून वन्सं झाडू मारत होत्या तेवढ्यात दारात पोलिसांची गाडी थांबली. इन्स्पेक्टर आत आला. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला हळू. त्याच्यामागे काही शिपाई, हातात रिकामे खोके. त्याने बाईंना नमस्कार केला आणि कोर्टाचं वॉरंट टेबलावर ठेवलं.

"बाई, माफ करा. कार्यालयातली कागदपत्रं ताब्यात घ्यायचा हुकूम आहे."

"कुठली कागदपत्रं?"

"पुलाच्या अहवालाशी संबंधित असलेली."

"आणि कुठला कागद संबंधित आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

"वाचूनच कळणार बाई. दुसरं काय."

बाईंना तेव्हा पुलाच्या पत्राचीही आठवण राहिली नाही. त्यांची नजर वन्संकडे गेली होती. वन्सं हातातला झाडू तसाच धरून एका शिपायाकडे एकटक बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी शिपायाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांच्याही लक्षात आलं.

त्याच कपाटात, खालच्या खणात, त्या शिपायाच्या बायकोचं पत्र होतं.

मार खाऊन खाऊन एक दिवस ती लेकीला घेऊन घरातून निघून गेली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या कामाला लागली होती. नवरा सगळीकडे शोधत होता आणि शोधणं हाच त्याचा पेशा. बाईंना तिने लिहिलं ते वेगळ्याच कारणाने. मुलीला नव्या शाळेत घालायचं तर जुन्या शाळेचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी वडिलांची सही हवी, असा नियम होता. तिने विचारलं होतं, ज्या बापापासून मुलगी लपवलीय त्याचीच सही आणू कुठून? हा प्रश्न बाई पुढच्या आठवड्यात सभागृहात मांडणार होत्या. पत्राच्या शेवटी तिने आपला पत्ता लिहिला होता.

आणि आता तो शिपाई खोका घेऊन कपाटाच्या दिशेने चालला होता.

ओरडून थांबवावं तर त्याला कळणार. इन्स्पेक्टरला बाजूला घेऊन सांगावं तर अर्धं गुपित आपल्याच तोंडाने फुटणार. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा दातखीळ बसल्यासारखं झालं. मग त्यांनी स्वतःलाच आतून एक चापट मारली, फोन उचलला आणि सभागृहाच्या सचिवांना लावला. हे सचिव म्हणजे नियमांत बुडालेले गृहस्थ. त्यांना फोन केला की माणूस वैतागून ठेवायचा. त्या दिवशी बाईंना तो कोरडा, सावकाश आवाज देवासारखा वाटला.

"पोलिसांना अडवू नका," सचिव म्हणाले. "अंगावर जाऊ नका, कपाटासमोर आडव्या पडू नका. फक्त सांगा, की हे कागद सभागृहाच्या कामाचे आहेत आणि मी त्यांवर विशेषाधिकार सांगते. मग त्यांनी ते न वाचता सीलबंद करून माझ्याकडे जमा करायचे. वाचायचे की नाही ते अध्यक्ष ठरवतील. आणि बाई, एकदा एखादा कागद वाचला गेला की तो मग न वाचलेला करता येत नाही. तेव्हा आधी सील."

बाईंनी फोन ठेवला आणि शब्दन् शब्द इन्स्पेक्टरला सांगितला.

"विशेषाधिकार तर तुम्ही सभागृहात बोलता त्याला असतो ना?" तो म्हणाला. "हे तर दुकानाच्या गाळ्यातलं कपाट आहे."

"साहेब, मी सभागृहात काय बोलते? लोक मला जे सांगतात तेच. सांगितलेलं पोलिसांच्या हाती लागतं असं कळलं तर मला उद्यापासून कोण सांगेल? मग मी तिथे उभी राहून काय दातांची निगा कशी राखावी यावर भाषण करू?"

एक शिपाई फिसकन हसला आणि गप्प झाला. इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने वॉरंट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग मान वर करून खोलीत सगळीकडे नजर फिरवली, बाईंवर, वन्संवर, कपाटाशी पोचलेल्या शिपायावर.

"तू बाहेर जा," तो त्या शिपायाला म्हणाला. "गाडीपाशी थांब. रस्त्यावर गर्दी जमतेय."

रस्त्यावर गर्दी म्हणजे एक भाजीवाला आणि दोन शाळकरी पोरी. शिपाई तोंड वाकडं करून बाहेर गेला. वन्संनी झाडू भिंतीला टेकवला.

"खण उघडायचे नाहीत," इन्स्पेक्टरने बाकीच्यांना बजावलं. "खणासकट उचला आणि खोक्यात ठेवा. वरून कापड शिवा. लाख कुठाय?"

लाख वितळवायला घेतली तेवढ्यात त्याचा फोन वाजू लागला. पडद्यावर नाव बघून त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला. फोन थांबला, पुन्हा वाजला. तो खाली बसून प्रत्येक गाठीवर लाख ओतत होता, ठसा उमटवत होता, फुंकर घालत होता. शेजारी बाईंना सही करायला लावत होता. फोन आपला वाजतोच आहे. शेवटच्या गाठीवरची लाख कडक झाली, त्याने नखाने टकटक करून पाहिली, आणि मग फोन उचलला.

"हो साहेब... नाही साहेब, आवाज ऐकू आला नाही... उघडून बघायचे? साहेब, सील झालं. दोघांच्या सह्या झाल्या... आता कसं फोडणार साहेब? हो... हो साहेब, माझी जबाबदारी."

पलीकडच्या साहेबांचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता.

खोके सचिवांकडे रवाना झाले. रिकाम्या कपाटासमोर वन्सं मटकन खाली बसल्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "माझ्या हातून पत्र गेलं ते आज पहिल्यांदा."

"गेलं नाही वन्सं. वाटेत आहे."

असं म्हणाल्या खऱ्या, पण बाईंचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे. थकलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ. पुलाच्याच चर्चेत त्यांनी बाईंना आरडाओरडा केल्याबद्दल सभागृहाबाहेर काढलं होतं आणि बाहेर जाऊन बाईंनी वार्ताहरांसमोर त्यांना "सरकारच्या तोंडातली कवळी" म्हटलं होतं. आता त्याच कवळीच्या हातात सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्या कारखान्यात गेल्या. सोबत वन्सं. आत वाफेने भिंतींना घाम फुटला होता. शिपायाची बायको चादरींच्या घड्या घालत होती. ह्यांना बघताच तिचे हात थांबले. बाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. पत्र जप्त झालंय. अजून कुणी वाचलेलं नाही. पुढे वाचतील की नाही ते माहीत नाही.

तिने चादर खाली ठेवली. "मग मी पुन्हा निघू का?"

नको म्हणावं तर कशाच्या जोरावर? निघ म्हणावं तर कुठे?

"निघायचं असेल तर माझ्याकडे निघ," वन्सं मधेच म्हणाल्या. "वरची खोली रिकामीच आहे. त्या पत्राचा निकाल लागेपर्यंत राहा. मी घोरते, तेवढं सोसावं लागेल."

ती वन्संकडे बघत राहिली. मग बाईंना म्हणाली, "तुम्ही फोनसुद्धा केला असता तरी चाललं असतं. स्वतः आलात. आजवर माझ्याबद्दल काही ठरलं तर मला ते सगळ्यांच्या शेवटी कळायचं." आणि तिने डोळे पुसून उरलेल्या चादरींची घडी पुरी केली, कारण पाळी सुटायला अवकाश होता. संध्याकाळी ती लेकीला घेऊन वन्संकडे राहायला गेली.

मग वाट बघणं आलं. खात्याच्या वकिलांनी अध्यक्षांपुढे सांगितलं, की सभासदाने सभागृहात काढलेला शब्द सुरक्षित आहे, कपाटातला कागद नव्हे. नाहीतर उद्या कुठलाही आमदार चोरीचा माल खणात ठेवून वर विशेषाधिकार सांगेल. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच बाईंची झोप उडाली होती. नवरा म्हणायचा, "अगं, जेव तरी." बाई ताटावर बसायच्या आणि घास हातात तसाच राहायचा. कपाटात आणखी कुणाकुणाची पत्रं होती ते आठवत बसायच्या. सावकाराने धमकावलेला न्हावी. मुलाच्या आजाराबद्दल कुणालाच न सांगितलेली शिक्षिका. आणि तो पुलाचा माणूस, जो अजूनही रोज त्याच खात्यात, त्याच साहेबांच्या हाताखाली जाऊन बसत होता आणि ज्याला साधा फोन करून धीर द्यायचीही सोय नव्हती.

निकालाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि कागद न बघताच बोलायला सुरुवात केली.

"ह्या बाईंनी मला काय म्हटलं होतं ते सर्वांना माहीत आहे," ते म्हणाले. हशा पिकला. "तो विषय वेगळा. आजचा प्रश्न असा, की एखादा माणूस आपल्या सभासदाला काही सांगतो, ते सभागृहाचं काम आहे की नाही. माझ्या मते तिथेच ते काम सुरू होतं. सभासदाचं तोंड मोकळं ठेवलं आणि कान बंद केले तर त्या मोकळ्या तोंडाचा उपयोग काय? मात्र एक सांगतो. हा अधिकार बाईंचा नाही, आपल्या कुणाचाच नाही. तो पत्र लिहिणाऱ्याचा आहे. आपण फक्त राखणदार. ज्याला स्वतःची पापं लपवायला तो वापरायचा असेल, त्याने माझ्याकडे येऊ नये."

त्यांनी ठरवून दिलं, की एका निवृत्त न्यायाधीशांनी बाईंच्या समोर, एकट्याने, बंद खोलीत खोके उघडावेत. सभागृहाच्या कामाचं जे असेल ते बाईंना परत, बाकीचं पोलिसांना. सत्ताधारी बाकांवर कुणी टाळी वाजवली नाही. एक मंत्री उठून निघूनच गेले. विरोधी बाकांवर जल्लोष झाला, पण बाई त्यात नव्हत्या. त्या खाली मान घालून बसल्या होत्या, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कॅमेरे समोर होते.

न्यायाधीश काटेकोर निघाले. प्रत्येक कागद बघायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी पोलिसांच्या वाट्याला आलं ते असं: विजेची जुनी बिलं, दातांच्या ब्रशांचं एक सचित्र माहितीपत्रक, आणि कुणा अनोळखी माणसाच्या अक्कलदाढेचा एक्स-रे. वन्संनी तो एक्स-रे परत मागावा असं सुचवलं. रुग्णाचं गुपित ते गुपित, म्हणाल्या. बाईंनी हात जोडले, "वन्सं, आता पुरे."

त्याच दुपारी बाई अध्यक्षांच्या दालनात गेल्या. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, आत गेल्यावर सगळं विसरल्या. "तुम्हाला मी जे म्हणाले होते..." एवढंच आलं.

"ते चांगलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "घरी बायको अजून हसते. बसा."

"तुमच्यावर दबाव आला असेल."

"आला तर. ह्या वयात रक्तदाब काय नि दबाव काय, दोन्ही सारखेच." ते उठून खिडकीशी गेले. "बाई, मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा विरोधात होतो. तेव्हाच्या अध्यक्षांनी माझी बाजू घेतली नव्हती. ज्या माणसाने मला कागद दिले होते त्याची नोकरी गेली. मी त्याला तोंड दाखवू शकलो नाही. आभार मानायचे तर मानू नका, मला अवघडल्यासारखं होतं. त्या बाईंच्या दाखल्याचा प्रश्न आता मांडून टाका."

बाई चपापल्या. "तुम्हाला कसं..."

"प्रश्नांच्या यादीत आहे. तुम्हीच दिलाय. नाव नाही, गाव नाही. पण नीट वाचला की कळतं, असा प्रश्न कुणीतरी रडत लिहिलेला असतो."

प्रश्न मांडला गेला. त्यावर वाद झाला, समिती बसली, आणि पुढच्या अधिवेशनात नियम बदलला. आईची सही पुरेशी झाली. मुलगी शाळेत गेली. पूल दुरुस्त व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. पुलाच्या माणसाचं नाव कुणालाच कळलं नाही, आणि तो त्या खात्यातून पुढे मानाने निवृत्त झाला. अध्यक्षांना मात्र पुढच्या निवडणुकीत पक्षाने उमेदवारी दिली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बाई दर महिन्याला त्यांच्याकडे चहाला जातात. दोघं पुष्कळ भांडतात.

राहिला इन्स्पेक्टर. त्याची बदली वाहनं जमा करून ठेवायच्या मैदानावर झाली होती. अपघातातल्या, बेवारस, जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा, आणि कोपऱ्यात पत्र्याची खोली. बाई आणि वन्सं तिथे पोचल्या तेव्हा तो एका मोटरसायकलवर चढलेला वेल सोडवत होता.

"अरे वा," तो हात झटकत म्हणाला. "गाडी सोडवायला आलात?"

"तुमचे आभार मानायला आलोय," बाई म्हणाल्या. "आधीच यायला हवं होतं. पण प्रकरण निकाली निघायच्या आत आले असते तर तुमच्याच अंगाशी आलं असतं."

"मी काय केलं? सील केलं. नियमच तसा आहे म्हणालात."

"फोन वाजत होता."

"खरं सांगू बाई? हात शिवशिवत होते. इतकी वर्षं ह्याच कामात गेली. समोर कागद आणि बघायचा नाही, म्हणजे उपाशी माणसापुढे झाकलेलं ताट. पण तुमच्या ह्या बाई..." त्याने वन्संकडे बोट केलं. "ह्या झाडू धरून माझ्या एका माणसाकडे अशा बघत होत्या, की मला कळलं, कपाटात पुलापेक्षा मोठं काहीतरी आहे. म्हणून त्याला बाहेर घालवला."

बाईंनी वन्संकडे पाहिलं. दोघींना इतके दिवस वाटलं होतं, की नेमक्या त्याच शिपायाला बाहेर पाठवणं हा निव्वळ योगायोग.

"तुम्ही ओळखलं होतंत?" बाईंनी विचारलं.

"काय ते नाही ओळखलं. आणि मला सांगूही नका," तो घाईने म्हणाला. "न कळलेलं बरं असतं काही वेळा. कळलं की मग ते सांभाळत बसावं लागतं."

वन्संनी पुढे होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लेकराच्या ठेवावा तसा. गणवेशातला तो मोठा माणूस मान खाली घालून उभा राहिला, टोपी हातात धरून.

"इथे बरं चाललंय," तो म्हणाला, जणू त्याला कुणी विचारलं होतं. "घर जवळ आहे. संध्याकाळी पोरांबरोबर जेवायला मिळतं. पूर्वी नव्हतं मिळत."

त्याने पत्र्याच्या खोलीतून दोन खुर्च्या बाहेर आणल्या, स्वतःसाठी एक टायर ओढला आणि चहा सांगितला. तिघं गाड्यांच्या रांगांमध्ये बराच वेळ बसले. वन्संनी त्याला टपाल खात्यातले किस्से सांगितले, त्याने चोरांचे. निघताना ऊन उतरलं होतं.

"बाई," तो फाटकापाशी म्हणाला, "तुमचे आभार मला पोचले बरं का. आता पुन्हा मानू नका. पण वाट वाकडी करून कधी आलात तर चहा आहे."

"येऊ," वन्सं म्हणाल्या. "पुढच्या वेळी खायला काहीतरी आणते. तुझी तब्येत बघ."